अण्णांनाच विचारू

भूपाल मगदूम वारले आणि कुरुंदवाडात तीन दिवस कुणाला शिंक आली नाही.

थाप वाटेल, पण गावात कुणालाही विचारा. चौकातली मगदुमांची मिरची कांडपाची गिरणी म्हणजे उन्हाळाभर गावाच्या नाकाशी चाललेलं वैर. संकेश्वरी मिरची आता काचघरात पिकायला लागली होती, पोती बिनड्रायव्हरच्या टेम्पोतून यायची, पण चटणी लोखंडी मुसळाखालीच कुटलेली पाहिजे, यावर बायका ठाम होत्या. त्या खकाण्यात नवरदेव अक्षता पडताना शिंकायचे. एक चोर बँकेचं कुलूप उघडता उघडता शिंकला आणि सापडला. गिरणी बंद पडली, तेव्हा गाव नाक वर करून हवा हुंगत राहिलं आणि मग लोकांना कळलं, की अण्णा गेले.

चाक चालवत होती ती मात्र अण्णांची थोरली, त्रिशला. तिचं सासर त्याच गावात, दोन गल्ल्या सोडून. अण्णांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं तेव्हापासून गिरणी तीच बघायची. सकाळी अण्णांना अंघोळ घालायची, भरवायचं, खाली गिरणीच्या दारात खुर्चीत बसवायचं आणि दिवसभर मुसळांसमोर उभं राहायचं. हाताची आग रात्री ताकात बुडवूनही विझायची नाही. अण्णा खुर्चीतून गिऱ्हाइकांना सांगायचे, "ही पोरगी न्हवं माझी. पोरगाच हाय."

हे वाक्य त्रिशलानं जपून ठेवलं होतं, जसं दुसऱ्या बायका सोनं जपतात.

खरा पोरगा सुकुमार पुण्यात होता. दिवाळीला आणि जत्रेला यायचा. माणूस वाईट नव्हता, फक्त लांब होता. रक्षाविसर्जनाला आला, नदीवर बहिणीच्या गळ्यात पडून रडला, आणि घाटाच्या पायऱ्या चढता चढता डोळे पुसत म्हणाला, "अक्का, पुढच्या आठवड्यात रजिस्टर ऑफिसला जाऊन येऊ. तेवढं हक्कसोडीचं उरकून टाकू."

हक्कसोड म्हणजे काय हे त्या भागातल्या बाईला सांगावं लागत नाही. कायदा मुलीला मुलाइतकाच हिस्सा देतो, आणि मुलगी तो भावाच्या नावे सोडून देते. सही करायच्या दिवशी भाऊ नवी साडी आणतो, ऑफिससमोरच्या हॉटेलात जेवण देतो, सगळी मिळून रडतात, फोटो काढतात. बदल्यात बहिणीला माहेर मिळतं. जी सही करत नाही तिच्या दारात भाऊबीजेला कुणी फिरकत नाही.

त्रिशला म्हणाली, "गिरणीचं काय करणार तू?"

"मी काय मिरच्या कुटणार हाय होय? जागा चौकातली हाय अक्का. एक कंपनी मागतीया. दुकान काढणार म्हणे."

"आन् मी?"

"तुझं माहेर कुठं जातंय? पुण्याला ये की. फ्लॅट काय परक्याचा हाय?"

त्रिशला पायरीवरच बसली. "मी सही करणार न्हाई, सुकुमार."

अण्णांनी इच्छापत्र केलं नव्हतं. दोनदा वकील घरी आला होता, दोनदा चहा पिऊन गेला. "विल केलं की म्हातारा मरायला मोकळा आन् पोरं वाट बघायला मोकळी," असं म्हणून अण्णा विषय मिरचीवर न्यायचे.

त्रिशलाचे वकील कुंभोजे म्हणाले, "बाई, गप्प बसा फक्त. आई आधीच गेलेल्या, वारस तुम्ही दोघंच. कायद्यानं निम्मी गिरणी तुमची आहे. काही करू नका, काही मागू नका. मिळेल."

तिथं दुसरी बाई असती तर गप्प बसली असती. त्रिशलाला ते निम्मं कडू लागलं. कायद्यानं मिळालेलं निम्मं म्हणजे सरकारनं दिलेलं. उद्या गाव म्हणणार, बापानं दिलं नव्हतं, भावाकडनं ओरबाडून घेतलं. तिला अण्णांनी दिलेलं हवं होतं. आणि अण्णांनी तिलाच दिलं असतं, ह्यात तिला तिळभर शंका नव्हती.

"छाया काढू," ती म्हणाली. "अण्णांनाच विचारू."

कुंभोजे वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. वकील चष्मा काढतो तेव्हा तो फुकटात बोलतो. "बाई, नका."

आता छाया म्हणजे काय, ते नीट समजून घ्या, कारण पुढं सगळं त्यावरच आहे.

साठीच्या पुढच्या प्रत्येकाच्या मनगटावर पेन्शनबरोबर एक आरोग्यपट्टा आला होता. घराघरांत बोललेलं ऐकणारी डबी आली होती, दिवे तिला सांगून लागायचे, औषधांची आठवण तीच करून द्यायची. ह्या दोन वस्तू माणसाची प्रत्येक बारीक निवड टिपून ठेवत. कुणाला उधार दिलं, कुणाला नाही म्हटलं. कुणाचा फोन पहिल्या रिंगला घेतला, कुणाचा वाजू दिला. आणि त्या त्या क्षणी नाडी कशी चालली, आवाज कुठं कापला. माणूस मेल्यावर हे सगळं एका यंत्राला द्यायचं. ते यंत्र त्यातून त्या माणसाच्या निवडीचा साचा घडवतं. जमिनीचा उतार समजला, की पाऊस पडायच्या आधी पाणी कुठून वाहील ते सांगता येतं, तसं.

साचा खरा की खोटा हे तपासायची रीतही चोख होती. त्या माणसानं खरोखर केलेल्या निवडींपैकी तिसरा हिस्सा यंत्रापासून झाकून ठेवायचा आणि विचारायचं, बोल, इथं ह्या माणसानं काय केलं असेल? शंभरात नव्वद उत्तरं बरोबर आली तर छाया पास. तोंडातला शब्द आणि मनगटातली नाडी जुळली नाही, तर यंत्र नाडीचं ऐकायचं. आणि पास झालेल्या छायेचं म्हणणं कायद्यानं इच्छापत्राइतकंच पक्कं. अट एकच. सगळ्या वारसांनी आधी सही करायची, की छाया सांगेल ते मान्य. त्यानंतर समान वाटणीकडं परत जाता येत नाही.

कायदा आला आणि माणसं सुधारली. म्हणजे डबीसमोर सुधारली. सुना भिंतीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणायला लागल्या, "मामंजी, अजून अर्धी भाकरी घ्या बरं!" मुलं बापाचे पाय चेपायला लागली, आणि बाप गुदगुल्या होऊन ओरडायला लागले. शिरोळकडच्या एका बहाद्दरानं म्हाताऱ्याचा पट्टा उतरवून कोकराच्या पायाला बांधला आणि वर्षभर त्या कोकराला कुरवाळलं, म्हणजे पोराला बघून नाडी कशी खूश झालेली दिसेल. म्हातारा गेल्यावर छाया निघाली. तिनं चार एकर ऊस, कोकरू ज्याचा पाला खायचं त्या शेवरीच्या झाडाला लिहून दिला. कोर्टानं छाया नापास केली, पण वकिलानं झाडाच्या वतीनं अपील केलं म्हणतात.

त्रिशलानं असलं काही कधी केलं नव्हतं. डबी आहे हेही ती विसरायची. म्हणूनच तिला भीती नव्हती.

भीती सुकुमारला वाटायला हवी होती. त्यानं पुण्याच्या वकिलाला फोन केला, गच्चीवर जाऊन बराच वेळ बोलला आणि खाली आला तो हसत. "चालतंय अक्का. अण्णांचा शब्द म्हणजे शब्द. तू म्हणतीस तर छाया."

तो वकील काय म्हणाला होता, ते कुंभोजे वकिलांनी न ऐकताच ओळखलं. "बाई, ह्या तालुक्यातल्या छाया मी बघितल्यात. कुठं पडतात ते ठाऊक आहे मला."

"त्या दुसऱ्यांच्या बापाच्या असतील," त्रिशला म्हणाली, आणि सही केली.

वारसा केंद्र तालुक्याच्या जुन्या दूध डेअरीत होतं. थंड खोली, चार खुर्च्या, मधे टेबल, टेबलावर पडदा. निवाडा होईपर्यंत मालमत्तेची किल्ली केंद्रात जमा करायची रीत होती, म्हणून गिरणीची किल्लीही तिथंच एका ताटलीत पडली होती. समोर देशिंगे नावाच्या अधिकारी बाई, वयानं तिशीतल्या, बोलण्यात अगदी शहरी.

"आवाज मृताचा नसेल," त्या म्हणाल्या. "पूर्वी असायचा. मग लोक पडद्याच्या पाया पडायला लागले. एका छायेनं मुलाला शिवी दिली, तर मुलगा जागीच गेला. आणि मग त्याची छाया काढावी लागली."

म्हणून आवाज होता रेल्वे स्टेशनवर गाडीला उशीर झाल्याचं सांगणाऱ्या बाईचा. बोली मात्र अण्णांची.

आधी परीक्षेतले नमुने दाखवायची पद्धत होती, वारसांची खात्री पटावी म्हणून. देशिंगेबाईंनी वाचलं, "प्रसंग. विधवा गिऱ्हाईक, दोन किलो मिरची, पैसे कमी. काय कराल?"

स्टेशनवरची बाई म्हणाली, "कुटून देणार. वर अर्धा किलो माझ्यातली घालणार. आन् शिवी देणार, म्हंजे पुन्हा फुकट मागायला यायची न्हाई."

त्रिशलाला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळे भरले. सुकुमारही हसला. "अण्णाच की हे!"

"प्रसंग. डॉक्टरांनी कानाचं यंत्र घ्यायला सांगितलं."

"घेणार. घालणार न्हाई. निम्मं गाव काय बोलतंय ते ऐकून कुणाचं भलं झालंय?"

आता शंकेला जागा उरली नव्हती. टेबलापलीकडं अण्णाच होते, आवाज तेवढा परक्या बाईचा.

"शंभरात चौऱ्याण्णव," देशिंगेबाई म्हणाल्या. "पास. आता निवाडा. एकदा ऐकवला की नोंद होते. तयार?"

त्रिशलानं पदर सावरला, अण्णा घरात आले की सावरायची तसा.

पडदा म्हणाला, "गिरणी, जागा, वरचं घर सुकुमारला. त्रिशलाला तिच्या आईच्या पाटल्या. वर्साला साडीचोळी. आन् तिची चटणी जन्मभर फुकट कुटून द्यायची. तिच्याकडनं पैसं घ्यायचं न्हाईत."

ज्या गिरणीत तिनं हाताची कातडी घालवली, तिथं आपल्याच चटणीचं कांडप तिला फुकट मिळणार होतं.

सुकुमारनं खाली मान घातली. जिंकलेल्या माणसानं मान खाली घालावी, एवढं वळण अण्णांनी त्याला लावलं होतं. "अक्का, मी काय बोलू? अण्णांचाच शब्द हाय. आता तू बी मनात काय ठेवू नको."

"प्रत्येक वारसाला एक प्रश्न विचारता येतो," देशिंगेबाई म्हणाल्या. "निवाडा बदलत नाही. समाधानासाठी असतो."

त्रिशलानं विचारलं, "माझ्यावर माया न्हवती अण्णांची?"

बाईंनी पडद्यावरची एक रेघ बोटानं पुढं ओढली. "हे मी सांगते, नाडीचं आहे. तुम्ही खोलीत आलात, की त्यांची नाडी संथ व्हायची. रोज, न चुकता. झोपेत असले तरी. औषधानंही इतकी होत नव्हती. मुलाचा फोन वाजला की वाढायची."

"आनंदानं," सुकुमार म्हणाला.

"नाही. आनंदाची वेगळी असते. ही धास्तीची आहे. पोरगा नाराज होईल, लोक काय म्हणतील, ह्याची. फोन ठेवला की उतरायची."

सुकुमारनं रुमाल काढून कपाळ पुसलं. त्या खोलीत घाम येण्यासारखं काही नव्हतं.

त्रिशला पडद्याकडं बघत राहिली. माया नव्हती असं निघालं असतं, तर तिला रागावता आलं असतं. माया होती, गच्च होती, आणि हिस्सा भलतीकडंच होता. ही दोन भांडी एकाच चुलीवरची, असं ती जन्मभर धरून चालली होती. अण्णांच्या घरात ती दोन चुलींवर होती.

"तुमचा प्रश्न?" बाईंनी सुकुमारला विचारलं.

"मला काय विचारायचं न्हाई." आणि मग, बहिणीला काहीतरी दिलं पाहिजे ह्या भरात तो म्हणाला, "माझा प्रश्न बी अक्कालाच द्या. विचार अक्का. मन मोकळं कर."

माणूस उदार होतो तो नेमका जिथं फुकट असतं तिथं. आणि तिथंच कधीकधी पाय घसरतो.

त्रिशलानं खुर्ची देशिंगेबाईंकडं वळवली. मग विचारलं, "बाई, एखादी गोष्ट बदलून विचारता येतं का ह्याला? घडली न्हाई अशी?"

"एक गोष्ट बदलता येते. बाकी साचा तोच ठेवून, तेवढी गोष्ट वेगळी घडली असती तर निवड कुठं गेली असती, ते यंत्र सांगू शकतं. संशोधनासाठी आम्ही हेच करतो."

"मग विचारा. मी तोंडानं मागितली असती तर? निम्मी गिरणी द्या अण्णा, म्हणून?"

सुकुमारनं मान वर केली.

देशिंगेबाईंनी प्रश्न यंत्रात घातला. मग स्टेशनवरची बाई म्हणाली, "दिली असती की. निम्मी का, तिनं सगळी मागितली असती तर सगळीचा बी विचार केला असता. सुकुमारला सांगितलं असतं, बाबा, बहिणीनं मागितली, मी काय करू? माझ्यावर आलं नसतं. दर साली हंगाम सरला की मी इचारत होतो तिला, तुला काय पायजे काय गं? ती म्हणायची, मला काय नको अण्णा."

त्रिशलानं टेबलाची कड धरली.

होय. दर वर्षी. मृग लागायच्या आधी, मुसळं धुऊन तेल लावून झाली की अण्णा खुर्चीतून विचारायचे, वाकड्या तोंडानं, अर्धवट शब्दात. आणि ती ताठ मानेनं म्हणायची, मला काय नको अण्णा. त्या नकोचा तिला केवढा अभिमान होता! मागणाऱ्या लेकी वेगळ्या. आपण न मागता करणाऱ्या. चांगल्या घरातली लेक मागत नसते, हे तिला आईनं शिकवलं, आईला तिच्या आईनं. आणि तिकडं तो म्हातारा, पोराला आणि गावाला भिणारा, लेकीच्या एका शब्दाच्या आडोशाला उभं राहायला मिळावं म्हणून दर उन्हाळ्याला तोच प्रश्न विचारत होता.

"हे लिहा," ती देशिंगेबाईंना म्हणाली. "हे बी अण्णांचंच म्हणणं हाय."

"ते नोंदीत घेता येत नाही. जे घडलं त्यावरचाच निवाडा ग्राह्य. तुम्ही मागितलं नव्हतं."

"अक्का," सुकुमार घाईघाईनं म्हणाला, "तू कशाला मनाला लावून घेतीस? शेवटी मशीन हाय ते. मशीनला काय कळतंय माणसाच्या मनातलं?"

"मघाशी अण्णा होते की रे ते."

सुकुमारनं रुमालाची घडी करून खिशात घातली.

"बाई, ह्याची छाया काढता येईल का?" त्रिशलानं भावाकडं बोट केलं. "एवढंच विचारायचंय. बहिणीनं मागितली तर देणार का."

देशिंगेबाईंना अशा मागण्यांची सवय असावी. त्यांनी पडद्यावरून नजरही काढली नाही. "जिवंत माणसाची छाया काढत नाहीत. जिवंत माणसाला तोंडानं विचारायचं असतं."

त्रिशला उठली. गुडघे दुखत होते, तरी भावासमोर जाऊन नीट उभी राहिली. असलं वाक्य तिनं आयुष्यात उच्चारलं नव्हतं. जीभ कुठं लावावी तेही तिला उमजेना. वयाच्या पन्नाशीत बाई पहिल्यांदा पोहायला उतरावी तशी ती त्या वाक्यात उतरली.

"सुकुमार. मला निम्मी गिरणी पायजे. मी मागतीया."

सुकुमारनं आधी पडद्याकडं बघितलं. मग देशिंगेबाईंकडं, त्या पुढच्या कुटुंबाचे कागद जुळवत होत्या. मग दाराकडं, तिथून त्या कुटुंबातली चौघं भावंडं आत डोकावत होती आणि त्यातल्या थोरल्या बहिणीच्या चेहऱ्यावर गाढ भरवसा होता.

"असं एकदम कसं सांगू?" तो म्हणाला. "घरी बोलू की निवांत. तू आधी पाणी पी."

आणि बहिणीच्या अंगावरून हात लांब करून त्यानं ताटलीतली किल्ली उचलली.